घराचा विमा : काय भरून मिळतें व काय मिळत नाहीं

शेतकरी बंधूंना पिकाच्या विम्याची ओळख आतां बरीच झाली आहे. गाई-म्हशींचा विमाही कांहीं जण उतरवितात. ट्रॅक्टरचा विमा तर कायद्यानेंच उतरवावा लागतो. परंतु ज्या छपराखालीं आपण बी-बियाणें, धान्य, कागदपत्रें व मुलेंबाळें ठेवतों, त्या घराच्या विम्याची चौकशी करणारा मनुष्य गांवांत क्वचितच आढळतो. "इतकीं वर्षें घर उभें आहे, त्यास काय होणार?" असें जो तो म्हणतो. मीही तसेंच म्हणत होतों. त्याचें फळ काय मिळालें तें पुढें सांगतों. आधीं विमा ही काय वस्तु आहे तें पाहूं.

१. विम्याचें मूळ तत्त्व

आपल्याकडे सावड व इर्जिक या चाली जुन्या आहेत. एकाचें काम अडलें म्हणजे दहा जणांनीं आपलीं औतें घेऊन जावें व दिवसांत तें उरकावें. आज त्याची पाळी, उद्यां आपली. विमा ही पैशाची सावडच होय. मात्र येथें काम करणारांस एकमेकांचीं तोंडेंही माहीत नसतात, आणि सर्वांचा हिशेब कंपनी ठेवते.

एक उदाहरण घेऊं. समजा, एक हजार घरें आहेत व प्रत्येक घर बांधण्यास दहा लाख रुपये लागतात. या हजारांपैकीं सरासरीनें वर्षास एक घर जळतें. कोणाचें जळेल हें कोणासच सांगतां येत नाहीं. परंतु प्रत्येकानें एक हजार रुपये दिले तर दहा लाख जमतात व ज्याचें घर गेलें त्याचें पुनः उभें राहतें. ज्यांचीं घरें शाबूत राहिलीं त्यांचे हजार रुपये वायां गेले असें मानूं नये. वर्षभर त्यांच्या डोक्यावरची दहा लाखांची धास्ती त्या हजारांनीं उचलली, हाच त्यांचा मोबदला. प्रत्यक्ष हप्त्यांत याखेरीज कंपनीचा खर्च, नफा व कर हे मिळविलेले असतात.

येथें कोणी विचारील कीं, मग आपल्या गांवानेंच किंवा आपल्या संस्थेनेंच असा निधि कां जमवूं नये? याचें उत्तर किल्लारीनें दिलें आहे. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. मातींत रचलेल्या दगडी भिंती व वर मातीचीं जड धाबीं असलेलीं घरें क्षणांत बसलीं व हजारों माणसें त्यांखालीं गाडलीं गेलीं. अशा वेळीं गांवांतील सर्वच घरें एकदम जातात. मग कोणी कोणास द्यावें? म्हणून विम्याची सावड फार दूरवर पसरलेली लागते. कोंकणांतील वादळाची भरपाई विदर्भांतील, पंजाबांतील व तामिळनाडूंतील हप्त्यांतून व्हावी लागते. एवढेंही पुरे पडत नाहीं म्हणून विमा कंपन्या आपल्या डोक्यावरील जोखमीचा कांहीं भाग दुसऱ्या मोठ्या कंपन्यांकडे उतरवितात. यास पुनर्विमा म्हणतात. मुंबईची जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन हें काम करते.

२. सरकारी मदत म्हणजे विमा नव्हे

महसूल खात्यांत माझी सारी नोकरी कारकुनींत गेली. पूर, वादळ, वीज व आग यांचे शेंकडों पंचनामे माझ्या टेबलावरून गेले. अनेकांची समजूत असते कीं, पंचनामा झाला म्हणजे झालेलें नुकसान सरकार भरून देतें. ही समजूत चुकीची आहे. सरकार देतें ती मदत. ती नुकसानीच्या मापानें मिळत नसून ठराविक दरानें मिळते. केंद्र सरकारनें २०२२ ते २०२६ या काळासाठीं जे निकष ठरविले, त्यांत पूर्ण पडलेल्या घरास सपाट प्रदेशांत १ लाख २० हजार रुपये व डोंगराळ प्रदेशांत १ लाख ३० हजार रुपये होते. अंशतः पडलेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये, कच्च्या घरास ४,००० रुपये, आणि घरास लागून असलेल्या गोठ्यास ३,००० रुपये. घर वीस लाखांचें असो कीं पांच लाखांचें, दर तोच. ही मदत संकटांत तग धरण्यासाठीं आहे. घर पुनः बांधण्यासाठीं पुरत नाहीं.

तसेंच पीक विमा हा पिकापुरताच होय. प्रधानमंत्री पीक विमा योजनेचा हप्ता भरला म्हणून घर सुरक्षित झालें असें नाहीं.

३. माझ्या घरची गोष्ट

आमच्या दादांनीं, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनीं, जुन्या घराच्या माडीसाठीं बँकेचें कर्ज काढलें होतें. बँकेनें कर्जाबरोबरच घराचा विमा उतरविला. त्याचा हप्ता कर्जखात्यांतून परस्पर जात असे. दादांचीं सर्व कागदपत्रें माझ्यापाशीं असत, कारण घरांत "सरकारी कागद समजणारा" मी. पुढें कर्ज फिटलें. आम्हीं पेढे वांटले, बोजा कमी करून घेतला, फेरफार पाहिला. विमापत्र मात्र कपाटांत तसेंच ठेवून दिलें.

त्यानंतर दुसऱ्या वर्षीं एका रात्रीं स्वयंपाकघरांतील वायरिंगला आग लागली. माणसें व जनावरें वांचलीं. पण माजघर, माडी, वर्षाचें धान्य व वहिनींचा सारा संसार सकाळपर्यंत राख झाला. दादा ओट्यावर बसून मला म्हणाले, "अरे, तो बँकेचा विमा आहे ना?" मीं विमापत्र काढून पाहिलें. त्याची मुदत कर्जाबरोबरच संपली होती. बँकेचा यांत दोष नव्हता. तिनें आपल्या कर्जापुरता विमा उतरविला होता व कर्ज संपतांच तिचें काम संपलें. तारीख कागदावर स्पष्ट छापलेली होती. दुसऱ्यांच्या कागदांतील तारखा तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यानें आपल्या घरचा कागद उलटून पाहिला नव्हता. दादांनीं मला एका शब्दानें बोल लाविला नाहीं. हा लेख लिहिण्याचें कारण एवढेंच.

४. सध्यांचें घर-विमापत्र

विमा नियामक प्राधिकरणानें दिनांक १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठीं 'भारत गृह रक्षा' या नांवाचें एक ठराविक विमापत्र अमलांत आणलें. आगीचा विमा करणाऱ्या सर्व कंपन्यांनीं तें देणें आवश्यक केलें. सर्व कंपन्यांचीं मूळ कलमें सारखीं असल्यामुळें शेतकऱ्यास तुलना करणें सोपें झालें आहे. हप्त्याचे दर मात्र निरनिराळे असतात. म्हणून दोन-तीन कंपन्यांकडून ते लेखी मागवावेत.

या विमापत्रांत पुढील कारणांनीं झालेलें नुकसान भरून मिळतें : आग, स्फोट व वीज पडणें, भूकंप, वादळ, पूर व पाणी भरणें, जमीन खचणें व दरड कोसळणें, वणवा, झाड, वाहन यांसारखी बाहेरची वस्तु घरावर आदळणें, दंगा, संप व कोणी द्वेषबुद्धीनें केलेलें नुकसान, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी अथवा नळ फुटणें. या घटनांपैकीं एखादी घडली व तिच्यामुळें सात दिवसांच्या आंत घरांतील वस्तु चोरीस गेल्या तर तेंही नुकसान धरलें जातें. ऑगस्ट २०१९ मधील सांगली-कोल्हापूरचा पूर, ३ जून २०२० रोजीं रायगडच्या किनाऱ्यावर आलेलें निसर्ग वादळ, २०१४ सालीं माळीण येथें व २०२१ सालीं तळिये येथें कोसळलेल्या दरडी, हीं संकटें या यादींत बसणारींच होतीं.

घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. कुंपणाची भिंत, फाटक, ओटा-पडवी, पाण्याची बांधीव टाकी, शौचालयाची टाकी, गोबरगॅसचें यंत्र व छतावरील सौर पत्रे हींही घराच्या विम्यांत घेतां येतात. गोठ्याविषयीं मात्र गृहीत धरूं नये. तो विम्यांत आहे कीं नाहीं तें कंपनीकडून स्पष्ट लिहून घ्यावें.

घरांतील सामानासाठीं घराच्या विमा-रकमेच्या २० टक्के, परंतु १० लाखांहून अधिक नाहीं, इतकें संरक्षण यादी न देतांही आपोआप मिळतें. त्याहून अधिक सामान असल्यास यादी द्यावी. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंचें संरक्षण जादा हप्ता देऊन, किंमत आधीं ठरवून घेतां येतें. पडलेला ढिगारा हलविण्यासाठीं दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, आणि वास्तुतज्ज्ञ वगैरेंच्या फीसाठीं ५ टक्क्यांपर्यंत रक्कमही मिळते.

५. विम्याची रक्कम कशी ठरवावी

येथें आपले लोक दोन प्रकारें चुकतात. कोणी बाजारभावानें, म्हणजे जागेच्या किमतीसह, रक्कम लिहितो. जागा जळत नाहीं व वाहूनही जात नाहीं. तिचा विमा नको. दुसरा कोणी वीस वर्षांपूर्वीं घरास लागलेला खर्च लिहितो. त्या पैशांत आज पायाही निघणार नाहीं.

योग्य रीत अशी : घराच्या आंतील वापराचें क्षेत्रफळ मोजावें व आजच्या बांधकामाच्या दरानें गुणावें. समजा, क्षेत्रफळ १०० चौरस मीटर आहे आणि आपल्या भागांतील गवंडी व ठेकेदार चौरस मीटरास १८,००० रुपये सांगतात. तर घराची रक्कम १८ लाख झाली. त्यांत कुंपण, टाकी वगैरेंचा खर्च वेगळा मिळवावा. घराच्या १८ लाखांवर सामानाचें आपोआप मिळणारें संरक्षण २० टक्क्यांनीं ३ लाख ६० हजार होईल.

पूर्वींच्या विमापत्रांत एक कलम फार बोंचत असे. घर वीस लाखांचें, विमा दहा लाखांचा व नुकसान चार लाखांचें झालें, तर कंपनी म्हणे, "तुम्हीं निम्मा विमा केला, निम्में, म्हणजे दोन लाख घ्या." 'भारत गृह रक्षा'मध्यें ही कपात काढून टाकली आहे. तरी रक्कम मुद्दाम कमी लिहूं नये. कारण घर संपूर्ण गेल्यास लिहिलेल्या रकमेपलीकडे कंपनी देत नाहीं. गोदाम, दुकान व कुक्कुटपालनाची शेड यांचा विमा निराळा असतो, आणि त्यांत कमी रकमेची कपात पूर्णपणें सुटत नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

हें विमापत्र दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीचें मिळतें. एकाहून अधिक वर्षांचें घेतल्यास घराची रक्कम दरवर्षीं १० टक्क्यांनीं जादा हप्त्याशिवाय वाढते. पीक हातीं आल्यावर एकदम हप्ता भरूं शकणाऱ्या शेतकऱ्यास हें सोयीचें आहे. एकेका वर्षाचें घेणारानें नूतनीकरणाच्या वेळीं रक्कम स्वतः वाढवून घ्यावी. हप्ता कंपनीस पोंचल्याशिवाय तिची जबाबदारी सुरू होत नाहीं. "उद्यां भरतों" या शब्दास विम्यांत किंमत नाहीं.

६. काय मिळत नाहीं

विमापत्र घेतांना पहिलें पान सर्व वाचतात. शेवटचीं पानें वाचणारा शहाणा. पुढील गोष्टी ध्यानांत असाव्यात.

(अ) नुसती घरफोडी व चोरी यांत येत नाहीं. तिचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

(आ) रोख पैसे, दस्तऐवज, सोन्याची लगड व वाहनें विशेष लिहून घेतल्याशिवाय धरलीं जात नाहींत. ट्रॅक्टर, मोटारसायकल व जनावरें यांचे विमे स्वतंत्र आहेत. विक्रीसाठीं भरून ठेवलेल्या मालासाठींही स्वतंत्र विमा विचारावा.

(इ) ओला कडबा किंवा भुसा आपल्याच उष्णतेनें तापून पेटला, तर त्या पेटलेल्या मालाची भरपाई मिळत नाहीं.

(ई) विजेच्या दोषानें एखादें यंत्र स्वतःच जळालें तर त्या यंत्राचें कांहीं मिळत नाहीं. परंतु तेथून आग पसरून घर जळालें तर घराचें मिळतें.

(उ) नवीन बांधकामाची साधारण तड, निकृष्ट काम, भरावाची जमीन बसणें, व नदीनें किंवा समुद्रानें कांठ खाणें, हीं जमीन खचण्याच्या सदरांत येत नाहींत. नदीकांठच्या बंधूंनीं हें नीट समजून घ्यावें.

(ऊ) स्वतः जाणूनबुजून केलेलें नुकसान, आणि काळानें होणारी झीज, हीं अर्थातच वगळलेलीं आहेत.

७. कागद आधीं, विमा मागून

विमा ज्याच्या नांवें, त्याचा घरांत कायदेशीर हितसंबंध असला पाहिजे. आपल्याकडे घर वडिलांच्या नांवें, वडील वारून दहा वर्षें झालेलीं, राहणारे तिघे भाऊ, आणि विमा एकाच्या नांवें, असा प्रकार सर्रास आढळतो. नुकसान झाल्यावर वारसनोंदीसाठीं धांवाधांव करण्यापेक्षां ती आजच करावी.

सातबाऱ्यावर गांवठाणांतील घर नसतें. त्यासाठीं ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा काढावा व त्यांतील नांव, क्षेत्रफळ व बांधकामाचा प्रकार बरोबर आहे कीं नाहीं तें पाहावें. स्वामित्व योजनेखालीं २०२० सालापासून गांवठाणांची मोजणी ड्रोननें होत आहे. आपल्या गांवची मिळकत पत्रिका तयार झाली असल्यास तीही घ्यावी. शेतांतील वस्तीवर घर असेल तर त्याची नोंद कोठें आहे याची तलाठ्याकडे चौकशी करावी.

विम्याचा अर्ज स्वतः वाचून भरावा. एजंटाच्या हातीं कोऱ्या अर्जावर सही देऊं नये. भिंती मातीच्या असल्यास मातीच्या लिहाव्यात. छप्पर गवताचें, पत्र्याचें कीं स्लॅबचें, तें खरें लिहावें. घरांत पिठाची गिरणी किंवा दुकान असल्यास तेंही सांगावें. खोटें लिहून वांचविलेले चार पैसे दाव्याच्या वेळीं सर्व रक्कम बुडवूं शकतात. घरावर कर्ज असेल तर भरपाईचे पैसे प्रथम बँकेकडे जातात, हेंही जाणून असावें.

८. नुकसान झाल्यावर

प्रथम माणसें व जनावरें संभाळावीं. नंतर नुकसान वाढूं नये म्हणून शक्य तें करावें. कंपनीस त्याच दिवशीं कळवावें व तक्रार-क्रमांक लिहून ठेवावा. आग, चोरी किंवा दंगा असल्यास पोलिसांत वर्दी द्यावी. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. ती विमा कंपनीसही उपयोगी पडते. ढिगारा उचलण्यापूर्वीं फोटो काढावेत, आणि कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत जळक्या वस्तु फेंकूं नयेत. दाव्याचा अर्ज ३० दिवसांच्या आंत द्यावा. सर्व्हेअरास अंदाज वाढवून सांगूं नये. विमा नुकसान भरून देतो, नफा देत नाहीं.

दावा नाकारला किंवा कमी दिला असें वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास लेखी कळवावें. एक महिन्यांत उत्तर न आल्यास, अथवा उत्तरानें समाधान न झाल्यास, एक वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जातां येतें. त्यांचीं कार्यालयें मुंबई व पुणें येथें आहेत. ५० लाखांपर्यंतचे दावे तेथें चालतात. फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

९. या महिन्यांत करावयाचें काम

वाचकांस माझी एवढीच विनंती आहे कीं, हा अंक खालीं ठेवल्यावर घरांतील कपाट उघडावें. विमापत्र असेल तर त्यावरील तीन गोष्टी पाहाव्यात : नांव कोणाचें, रक्कम किती, मुदत कधीं संपते. ही तारीख पंचांगावर किंवा भिंतीवरील दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावी. कर्ज फिटलें असेल तर त्याबरोबर विमाही संपला काय, हें बँकेंत विचारावें. विमापत्र नसेल तर नमुना आठचा उतारा काढून आजच्या दरानें घराची किंमत मांडावी. कागदपत्रांच्या प्रती घराबाहेर, एखाद्या विश्वासू नातलगाकडे ठेवाव्यात. कारण घर जळतें तेव्हां विमापत्रही त्यांतच असतें.

दादांचें घर आतां पुनः उभें आहे. त्यासाठीं दोन एकर बागायत विकावी लागली. नव्या घराचा विमा दहा वर्षांचा आहे, आणि त्याची तारीख आतां दादांच्या नातीनें आपल्या वहींत लिहून ठेवली आहे.